जुन्या किचनचे शटर बदलावेत की काढून स्प्रे पेंट करून घ्यावेत?

ओवी_पुणे

नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट पुण्यात आहे, २००९ च्या बांधकामातला. किचन तेव्हाच सुताराकडून जागेवर करून घेतलं होतं. कपाटांचे खोके बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे, शटरही प्लायचेच आणि वर गडद मरून सनमायका. ट्रॉल्या मधल्या काळात बदलल्या, पण लाकूडकाम अजून धडधाकट आहे.

सासूबाई दिवसातला बराच वेळ ओट्यापाशी असतात आणि आता त्यांना कमी दिसतं. खिडकी एकच, त्यात हा गडद रंग. म्हणून स्वयंपाकघर उजळ करायचं आहे. एक इंटिरियरवाले म्हणतात, सगळं तोडा आणि नवीन मॉड्युलर करा. दुसरे एक जण म्हणतात, शटर काढून वर्कशॉपला नेतो आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा स्प्रे करून परत लावतो. चांगलं प्लाय भंगारात द्यायला माझं मन घेत नाही. पण सनमायकावर रंग टिकतो का? फोडणीची वाफ, हळदीचे हात, रोजचं पुसणं हे सगळं तो सोसेल का? घरात वास किती राहील? ज्यांनी करून घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया लिहा.

करवत

ओवीताई, तुम्ही वर्णन केलंय तसं किचन असेल तर ते तोडू नका. मी लाकडाच्या पॉलिश-पेंटच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंगाचा विचार करण्याआधी खोके तपासा. सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा. तळाची फळी, मागची पट्टी आणि स्कर्टिंगजवळचे कोपरे पेचकसाच्या टोकाने टोचून पाहा. प्लाय फुगलाय, पापुद्रे सुटलेत, टोक सहज आत जातंय असं असेल तर तेवढा भाग सुताराकडून बदलून घ्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या किंवा भुंग्याने पाडलेलं पीठ दिसलं तर आधी पेस्ट कंट्रोल. मग प्रत्येक शटर अर्धं उघडून हलकेच वर उचला. डुगडुगत असेल तर बिजागरीचे स्क्रू लाकडात सैल झालेत. ती भोकं भरून स्क्रू पुन्हा घट्ट बसवायचं काम रंगाच्या आधीच व्हायला हवं, नंतर केलं तर नव्या रंगावर चरे पडतात.

आता सनमायका. त्याचा वरचा थर मेलामाइनचा असतो, काचेसारखा गुळगुळीत. त्याच्यात काहीही शोषलं जात नाही, म्हणून थेट रंग मारला तर तो नुसता वर बसून राहतो आणि पहिल्या टोच्याला पापुद्र्यासारखा निघतो. रंग टिकवायचा तर तीन गोष्टी लागतात: तेलकटपणा पूर्ण काढणं, घासाई, आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर.

क्रमही हाच. पुष्कळ ठिकाणी आधी पॉलिश पेपर मारतात आणि मग फडकं फिरवतात. त्याने चिमणीजवळचं तेल घासाईच्या बारीक ओरखड्यांत जाऊन बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा डीग्रीझर घालून धुवायचं, साध्या पाण्याने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. हँडलभोवतीची जागा दोनदा. ओट्याच्या कडेला सिलिकॉन सीलंट असेल किंवा शटरवर चमक आणणारा स्प्रे वापरला असेल तर तसं रंगवाल्याला जरूर सांगा. सिलिकॉनचा अंश राहिला की ओला रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल गोल खड्डे पडतात, आम्ही त्याला फिश आय म्हणतो.

त्यानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाई, सगळी चमक जाईपर्यंत. मग सनमायकाला धरणाऱ्या टू-के प्रायमरचा एक हात. टू-के म्हणजे बेस आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत येतात आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचे असतात. एकदा मिसळलं की काही तासांत माल वापरून संपवावा लागतो. पहिल्या हातानंतर टवके, जुनी भोकं, पट्टीचे सांधे हे सगळं दिसू लागतं. तिथे लांबी (पुट्टी) भरायची, ३२० ने घासायचं, प्रायमरचा दुसरा हात, ४०० ने घासायचं, आणि मग रंगाचे हात. शटरची मागची बाजू आधी, दर्शनी बाजू शेवटी. गन सगळ्यात आधी कडांवर फिरते, कारण कडांवर रंग पातळ बसतो आणि झिज तिथूनच सुरू होते.

बघणाऱ्याला स्प्रेची गन दिसते, पण तिच्या आधीचं हे काम कामाच्या एकूण वेळातला बराच मोठा वाटा खातं. जो माणूस "सकाळी येतो, संध्याकाळपर्यंत देतो" म्हणेल त्याला नाही म्हणा.

वाचकवर्ग_ठाणे

करवत, फार उपयोगी. आमचे शटर मेम्ब्रेनचे आहेत, पांढरे. शेगडीच्या बाजूने कडेला फॉइल सुटून कुरळं झालंय. यावरही हेच लागू?

अंतररेखा

मी उत्तर देते, घरांच्या आतल्या सजावटीचं काम करते. मेम्ब्रेन म्हणजे एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या बोर्डवर) उष्णता आणि व्हॅक्यूमने चिकटवलेली पीव्हीसीची पातळ चादर. उष्णतेने चिकटलेली असल्यामुळे उष्णतेनेच सुटते. म्हणून शेगडी, ओव्हन, कुकरची वाफ लागते त्या जागा आधी उचकटतात. त्या चादरीवर रंग मारून घेऊ नका. एकतर खालची पकड गेलेली आहे, चादर उद्या आणखी सुटली की रंग तिच्याबरोबर येणार. दुसरं, पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू वर येतात आणि रंग चिकट होऊ शकतो.

हीट गनने गरम करून ती सोलून काढायची, खालचा गोंद घासून काढायचा आणि उघड्या एमडीएफवर प्रायमर द्यायचा. एमडीएफचा सपाट भाग त्यातल्या त्यात घट्ट असतो, कडा मात्र स्पंजासारखा माल पितात. तिथे सीलरचे जादा हात दिले नाहीत तर कड खरखरीत राहते आणि ओल आत शिरते. खालची कड फुगली असेल तर ते शटर टाकूनच द्या, फुगलेला एमडीएफ पुन्हा बसत नाही.

तुमच्या बाबतीत मी दोन्ही कोटेशन मागवेन: सोलून रंग, आणि त्याच खोक्यांवर फक्त नवे शटर. मेम्ब्रेनच्या किचनमध्ये पुष्कळदा दुसरा पर्याय सरस ठरतो. अ‍ॅक्रिलिकचे चकचकीत शटर असतील त्यांनी तर रंगाच्या वाटेला जाऊच नये. थिनरने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

सुतारपक्षी

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते ओवीताईंनी ऐकावं असं मनापासून वाटतं. सनमायका ओरखड्यांना जितका टिकतो तितका कुठलाही रंग टिकत नाही. घरात लहान मुलं, भांडी आपटणारे हात, भाडेकरू असतील तर जुन्या सनमायकाला रंगवण्यापेक्षा शटरवर नवा सनमायका लावणं जास्त टिकाऊ. जुना पृष्ठभाग घासून त्यावर १ मिलिमीटरचा नवा चिकटवता येतो. दोन्ही बाजूंना मात्र लावा. एकाच बाजूला लावला तर शटर वाकतं. जाडी वाढते त्यामुळे बिजागऱ्या पुन्हा जुळवाव्या लागतात आणि कडेच्या पट्ट्या नव्या लावाव्या लागतात.

करवत

सुतारपक्षी, ओरखड्याबद्दल पूर्ण सहमत. सपाट शटर आणि दांडगा वापर असेल तर मीही ग्राहकाला सनमायकाच सांगतो. रंगाची बाजू अशी: एक, कडेला जोड नसतो, त्यामुळे पाणी आत जायला फट राहत नाही. दोन, चौकटीचे किंवा कोरलेले शटर असतील तर त्यावर सनमायका बसतच नाही. तीन, टवका गेला तर तेवढं शटर काढून पुन्हा घासून मारता येतं. ओवीताईंच्या घरी मोठी माणसं आहेत, शटर जपून वापरले जातील, म्हणून मी रंगाच्या बाजूने बोललो.

ताई, एक विचारायचं राहिलं. तुमचा सनमायका गुळगुळीत आहे की लाकडाच्या रेषांचा? रेषांचा असेल तर त्या रंगातून दिसत राहतील. त्या नको असतील तर पूर्ण शटरला लांबी ओढावी लागते आणि खर्च वाढतो.

ओवी_पुणे

गुळगुळीत आहे, चमकदार. खोकेही तपासले. सिंकखालची एक फळी फुगली आहे, बाकी ठणठणीत.

मालवणी_वारा

आमच्याकडे किनाऱ्यावर हवेतल्या ओलीचा मोठा त्रास. पावसाळ्यात शेजाऱ्यांनी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारून घेतलं, सगळीकडे दुधाळ झाक आली. रंगवाला म्हणाला माल खराब होता. तसंच असतं का?

करवत

माल बहुधा चांगलाच असेल, हवा दमट होती. एनसीमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत ओल भरलेली असली की ती त्या थंड थरावर उतरते आणि आत अडकून पांढरी दिसते. पीयूचं दुखणं वेगळं. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बुडबुडे, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. म्हणून भर पावसात उघड्या शेडमध्ये किंवा गच्चीवर काम करू नये. कोकणात तर ऑक्टोबर उलटल्यावरच काढा.

कोटेशनवर "ड्युको पेंट" एवढंच मोघम लिहू देऊ नका. एनसी की पीयू, कोणत्या कंपनीचा, प्रायमर कोणता, किती हात, मॅट की ग्लॉस, सगळं लिहून घ्या. एनसी स्वस्त पडतो आणि लवकर वाळतो, पण वाळल्यानंतरही थिनरने विरघळतो. स्वयंपाकघरात मी तो सुचवणार नाही. पांढरा रंग असेल तर हार्डनर अ‍ॅलिफॅटिक आहे ना हे विचारा. अ‍ॅरोमॅटिक हार्डनरचा पांढरा उजेडाने पिवळा पडत जातो.

राईनकाठ

मी जर्मनीत असते, रसायनांच्या सुरक्षिततेशी माझ्या कामाचा संबंध येतो. करवत यांनी आयसोसायनेटचा उल्लेख केला म्हणून कळकळीने लिहिते. स्प्रेच्या धुक्यातून ते श्वासात गेलं तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. अशा माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त मुक्त डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं आहे.

आपल्याकडे नाकाला रुमाल बांधून गन मारणारी पोरं मी पाहिली आहेत. रुमाल किंवा साधा एन-९५ मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज आणि तिच्यावर कणांचा फिल्टर असा रेस्पिरेटर हवा, नाहीतर बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा. वर्कशॉप बघायला जाल तेव्हा रंगाच्या चमकेबरोबर तिथल्या माणसांच्या तोंडावर काय आहे तेही बघा. त्यासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर द्या.

करवत

राईनकाठ, अगदी खरं. या धंद्यात खोकणारे जुने कारागीर मी पाहिलेत. आमच्याकडे बूथला एक्झॉस्ट आहे आणि मुलांना कार्ट्रिजचे मास्क आहेत. ग्राहक विचारू लागले तर बाकीचेही आणतील.

दमयंती_डोंबिवली

आम्हाला एकाने घरातच येऊन स्प्रे करतो म्हटलंय. प्लास्टिक लावतो म्हणाला. चालेल का?

अंतररेखा

शटर आणि ड्रॉवरचे दर्शनी भाग तरी घरात मारू देऊ नका. स्प्रेचं धुकं फटीतून फिरून फ्रिजवर, पंख्यावर, शेजारच्या खोलीतल्या कपड्यांवर बसतं. शिवाय धोका आहे. थिनरची वाफ पेट घेते. गॅसचा सिलिंडर असो की पाइपचा गॅस, शेगडी बंद, आणि स्वयंपाकघरातच देवघर असेल तर समई, निरांजन, उदबत्तीही नाही. फ्रिजचा प्लग आधीच काढून ठेवायचा, वाफ साचलेली असताना बटणाची उघडझाप करायची नाही. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर त्याला दुसऱ्या घरी ठेवा, त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात.

खोक्यांच्या ज्या बाजू बाहेरून दिसतात तेवढ्या जागेवर कराव्या लागतात. तिथे पाण्यातला पीयू घ्या, वास बराच कमी असतो, आणि तो स्प्रेऐवजी बारीक फोमच्या रोलरनेही बरा बसतो. किंवा सरळ त्या बाजूंना रंगवलेली पातळ पॅनेल वर्कशॉपमधून करून आणून चिकटवायची. मला हा दुसरा मार्ग आवडतो.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत जुन्या घरांत ओकची कॅबिनेट पुष्कळ. आम्हीही ती रंगवून घेतली. दारं आणि ड्रॉवर दुकानात नेले, समोरच्या चौकटी मात्र खोक्यांनाच जोडलेल्या असतात, त्या घरातच प्लास्टिकची भिंत उभारून आणि बाहेर हवा फेकणारा पंखा लावून मारल्या. ओकच्या रेषा खोल असतात, त्या भरल्या नाहीत तर रंगाखालून स्पष्ट दिसतात. लाकडातलं टॅनिनही पांढऱ्यातून पिवळसर डाग होऊन वर येतं, म्हणून आधी डाग अडवणारा प्रायमर.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यावर्षी इथे घरगुती रंगात शिशावर बंदी आली. अशा घरात जुना रंग कंत्राटदाराकडून घासून घ्यायचा तर तो प्रमाणितच लागतो.

कृष्णाकाठ_वाई

शिशाचं आपल्याकडेही लक्षात ठेवा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आमच्या वाड्यातल्या सागवानी फडताळांवर ऑइल पेंटचे थरावर थर आहेत. असं काही असेल तर कोरडी घासाई करू नका, ओल्या पेपरने घासा, चिखल गोळा करा, आणि लहान मुलं, गरोदर बायका यांना लांब ठेवा. आणि सागवान चांगलं असेल तर माझी हात जोडून विनंती: रंग काढा आणि पॉलिश करा, ते लाकूड झाकू नका.

वाचकवर्ग_ठाणे

मोजमाप कसं धरतात? चौरस फुटाचा दर सांगतात, पण आकडा नेहमी वाढतो.

करवत

वाढतो तो बहुधा मागच्या बाजूमुळे. उदाहरण घ्या. ७२० बाय ४५० मिलिमीटरचं शटर म्हणजे एका बाजूला साधारण ३.५ चौरस फूट. दोन्ही बाजू धरल्या की ७. वर चारही कडा. दर एका बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा, मागे तोच पीयू की नुसता प्रायमर, हे आधी ठरवा. माझा आग्रह मागेही पूर्ण रंगाचा असतो, वाफ मागूनही लागते.

दर ठरवण्याआधी हँडलचा निर्णय घ्या. जुन्या हँडलच्या दोन भोकांतलं अंतर ९६ मिलिमीटर असेल आणि नवं १२८ चं आणलंत, तर जुनी भोकं प्रायमरच्या आधी बुजवावी लागतात. रंग झाल्यावर हँडल बदलायचं मनात आलं तर ते शटर पुन्हा सुरुवातीपासून.

शटर काढताना प्रत्येकाला नंबर पडलाच पाहिजे. आम्ही तो बिजागरीच्या ३५ मिलिमीटरच्या भोकात लिहितो आणि वर टेप लावतो. बाहेर लिहिलेला घासाईत जातो, आणि नंबर चुकला की फटी जुळत नाहीत.

ओवी_पुणे

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. रंग निवडताना काय बघू? मला शुभ्र पांढरा नको, साईसारखा हवाय. आणि हळदीचे डाग?

अंतररेखा

तुमच्या कारणासाठी साईचा रंग उत्तम. फक्त ओटा आणि शटर यांच्या रंगात फरक स्पष्ट राहू दे. कमी दिसणाऱ्या माणसाला ओट्याची कड कळणं फार महत्त्वाचं असतं. हँडलही शटरहून गडद घ्या, म्हणजे हात बरोबर जाईल. पूर्ण ग्लॉस नको, खिडकीचा उजेड त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांवर येतो. पूर्ण मॅटही नको, त्यात हळद आणि तेलाचे हात धरून बसतात. मधला सॅटिन घ्या. ओट्याच्या वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावून घेतलीत तर सासूबाईंना रंगापेक्षाही जास्त मदत होईल, आणि वायरिंगसाठी शटर काढलेले असतानाच ती लावून घ्या.

हळद लगेच साबणाच्या पाण्याने पुसा. फिकट पिवळा ठसा राहिलाच तर घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात उडतो.

ओवी_पुणे

आमच्या घरी गौरी-गणपती असतात. त्याच्या आधी होईल का?

करवत

ताई, गणपतीआधी नको. हवा दमट, वर्कशॉपला घाई, आणि पीयू हाताला वाळलेला वाटला तरी पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. सणाच्या स्वयंपाकात कोवळ्या रंगावर भांडी लागली की खुणा राहतात. नवरात्र उलटल्यावर करा. मात्र दिवाळीआधी सगळीकडे गर्दी असते, तेव्हा तारीख आत्ताच घेऊन ठेवा. खोके जागेवरच राहतात, त्यामुळे शटर नसताना स्वयंपाक चालू ठेवता येतो, समोर जुन्या साड्यांचे पडदे लावा. लावल्यावर पहिला आठवडा फक्त मऊ ओलं फडकं. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर नंतरही कधी नको.

आणि पूर्ण काम द्यायच्या आधी एक शटर नमुना म्हणून करून घ्या. ते आलं की आठवडाभर थांबा, मग मागच्या बाजूला कोपऱ्यात ब्लेडने आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून चौकटी पाडा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगाच्या चौकटी पट्टीबरोबर आल्या तर तो प्रायमर तुमच्या सनमायकाला धरत नाही.

ओवी_पुणे

हे फार आवडलं. नमुन्याला कुठलं शटर देऊ?

करवत

चिमणीच्या शेजारचं द्या, सर्वात तेलकट तेच असतं. आणि देण्याआधी घरी धुऊ नका. ते त्यांच्याच हातून साफ होऊन रंग धरतं की नाही, तेच आपल्याला बघायचंय.